भागीबाईच्या खळ्यावरची शाळा

१२ जानेवारी १९७९

मंजूर झाल्या! दोन खोल्या, कौलारू, पुढे ओटा. सुरगाण्याहून जीपवाल्याने पत्र आणून दिलं, ते मी शाळेत उभ्यानेच वाचलं. शाळेत म्हणजे गावातल्या पुंजाच्या गोठ्यात. दोन वर्षं इथेच भरते — अलीकडे पहिली ते चौथी, पलीकडे गाय. मुलांना सांगितलं. चंद्रभागा, तिसरीतली, सगळ्यांत धीट, म्हणाली, "बाई, मग गाय एकटीच राहंल?"

पत्राखाली एक अट आहे. जागा गावाने द्यायची, मार्चअखेरच्या आत. नाहीतर मंजुरी गेली.

१९ जानेवारी

रस्त्यालगत सपाट जागा एकच — भागीबाईचं खळं. एकटी राहते, भात तिथेच झोडते. पुंजाला घेऊन गेले. तिने गुळाचा कोरा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खळं नाय देणार, बाई. भात काय तुमच्या फळ्यावर झोडू?"

तिचं काही चुकतही नव्हतं.

११ फेब्रुवारी

पुंजा परत जाऊन आला. नाहीच म्हणते. नाशिकला आईला पत्र लिहायला बसले, दोन ओळी लिहून ठेवून दिलं.

२ मार्च

आज भूगोलाच्या तासाला गाय व्याली. अडली होती. पुंजा धावत जाऊन भागीबाईला घेऊन आला. गावात तिच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणे. मी मुलांना बाहेर उन्हात बसवलं, पण सगळ्यांच्या माना आत. वासरू झालं तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या.

भागीबाई हात धुऊन बाहेर आली आणि तिथेच बसली. शाळा सुटेपर्यंत उठली नाही. जाताना विचारलं, "गाय व्याली का शाळा बाहेर. आन पाऊस आला तर?"

"मग सुट्टी," मी म्हटलं.

"ही गायीची शाळा हाय का पोरांची?"

३ मार्च

सकाळी दारात भागीबाई. बसलीसुद्धा नाही.

"खळं घ्या. भात मी पुंजाच्या खळ्यावर झोडीन, त्याला सांगून आले. पण दार माझ्या घराकडं पायजे. दिवसभर कुणाचा आवाज नसतो मला."

मी हो म्हणून बसले. दार कुठे असावं हे माझ्या हातात थोडंच आहे!

१५ मार्च

ओव्हरसिअर आले — जयराम गांगुर्डे, सायकलवर, घामाघूम. खळं मोजलं, खूश झाले. मी भीत भीत दाराचं काढलं. त्यांनी मान हलवली. सगळ्या जिल्ह्याला एकच नकाशा, दार उजवीकडे. भागीबाईचं घर डावीकडे. ती समोरच उभी, पदर खोचून.

गांगुर्डेंनी एकदा तिच्या घराकडे पाहिलं. मग तो पातळ, आरपार दिसणारा नकाशा उचलला, उलटा केला आणि उजेडात धरला. दार डावीकडे! मला म्हणाले, "बाई, दार फिरवायला मंजुरी लागते. कागद उलटा धरायला लागत नाही."

इतकी हसले मी की पोरं बाहेर येऊन बघायला लागली.

२८ मार्च

तलाठ्यासमोर भागीबाईचा अंगठा उठला. मुदतीचे तीन दिवस हातात ठेवून.

६ मे

बांधकाम जोत्याच्या वर आलंय. सुट्टी असून नाशिकला गेले नाही. दगड वाहायला रोज अर्धं गाव. भागीबाई गवंड्याला सांगते, "भिंत वाकडी हाय." खरंच वाकडी होती. पाडून पुन्हा घातली.

९ जुलै

आज आत बसलो. कौलं नवी, फळा नवा. मुलं आधी भिंतींना हात लावत फिरली, मग बसली.

बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी आमच्या जातीच्या मुलांना शाळेच्या पायरीखाली बसून शिकावं लागे. मास्तरांची छडीसुद्धा लांबूनच फेकलेली. आज शाळेचं कुलूप मी उघडलं. मग पाढे सुरू केले, मुद्दाम मोठ्याने. समोरच्या ओट्यावर भागीबाई तांदूळ निवडत ऐकत होती.

१८ नोव्हेंबर

भात घरात आलं. आता गाव रिकामं होणार. दरवर्षी या दिवसांत माणसं निफाडकडे ऊसतोडीला जातात, मुलंही जातात आणि होळीलाच परततात. पटावर एकेचाळीस नावं आहेत. गेल्या साली या महिन्यात गोठ्यात सात मुलं उरली होती. यंदा चंद्रभागाची आईही गाठोडं बांधत होती.

२६ नोव्हेंबर

माणसं घेऊन ट्रक सकाळीच गेला. दिवस मावळायच्या आत चौदा मुलं गोधड्या घेऊन शाळेत आली, पुढे चंद्रभागा. "आईबाप बोलले, आता पक्कं घर हाय, बाई हाय. पोरांनो, तुम्ही इथंच ऱ्हा."

उद्यापासून शाळा पाच वाजता सुटणार नाही.