जाळीवरचं गोणपाट

खैतान, कुवेत
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मुक्ता,

सप्रेम आठवण. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो नाशकातही कुरकुरायचाच. गोळ्या वेळेवर घेतो. तुझा चिवडा संपला. निम्मा मी खाल्ला, निम्मा योगूच्या ऑफिसने. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर योगू शेजारीच बसलेली असते, आणि मला लिहायचंय ते आपल्या या लेकीबद्दलच. तिची मैत्रीण विशाखा उद्या नाशिकला निघतेय, तिच्या हाती हे पाठवतो.

निघताना तू मला एकच काम सांगितलं होतंस. "आलोकपासून वेगळी झाल्यापासून पोर तिकडे एकटी आहे. जानेवारीत कॉन्ट्रॅक्ट संपतंय. नव्यावर सही करायच्या आत तिला घेऊन या." माझ्या चांगलं लक्षात आहे. त्याचं सांगतो, जरा दम धर.

आधी थंडीचं ऐक. वाळवंटात कसली थंडी, म्हणून तू माझा स्वेटर बॅगेतून काढत होतीस ना? सकाळी दात वाजतात इथे. आणि गंमत अशी की इथल्या घरांत थंडी आली हे नळावरून कळतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापतं की लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी अंघोळीला घेतात. म्हणजे गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम! थंडी पडली की सगळं पुन्हा सुलट, आणि महिनोन्महिने झोपलेले गीझर एकदम चालू होतात. आतला प्रेशरचा व्हॉल्व्ह क्षार धरून अडकला असेल तर गीझर फुटायची भीती.

योगूच्या कंपनीकडे भाड्याच्या बऱ्याच बिल्डिंगा आहेत, त्यांची देखभाल तिच्याकडे. थंडीच्या तोंडावर त्यातला एकेक गीझर ती तपासून घेते. नुसती माणसं पाठवत नाही, स्वतः जाते. मी मागे लागून एकदा बरोबर गेलो. एका मजल्यावर सगळे कोकणातले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. रात्रपाळीचे झोपलेले असतात म्हणून ती त्यांच्या स्वयंपाकाच्या वेळी जाते. दार उघडलं दत्तप्रसाद नावाच्या सुताराने, हातात कोलंबीचा झारा. मला वाटलं, ही पोरगी इतक्या पुरुषांत कशी बोलणार? तर तो आत ओरडला, "अरे, म्याडम इल्यो! बाथरूम मोकळा करा रे!" आणि मला म्हणतो, "काका, चाय घेतल्याशिवाय जावचा नाय हां." योगू तोवर बाथरूममध्ये स्टुलावर चढलेली होती. मुक्ता, आपल्या घरी बल्ब बदलायलाही मी तिला स्टुलावर चढू दिलं नव्हतं.

आता माझा पराक्रम ऐक. ती राहते ती बिल्डिंगही कंपनीचीच; तिथली गच्ची रिकामी पाहून मला राहवेना. थर्माकोलची खोकी मिळवली, माती आणली, आणि तू दिलेले धणे पेरले. काय तरारून आली कोथिंबीर! पाणी घातलं की माती वाहायची. कोपऱ्यात पावसाच्या पाइपाची जाळी होती. माती आत जाऊन पाइप तुंबू नये म्हणून मी चांगलं जाड गोणपाट घडी करून तिच्यावर ठेवलं आणि वर वीट. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

मजीद नावाचा बांगलादेशी हारिस आहे, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. तो एकदा गोणपाटाकडे पाहून काहीतरी पुटपुटला, पण मॅडमचे वडील म्हणून गप्प बसला असावा. योगू तपासणीला वर आली तेव्हा मात्र ती गप्प बसली नाही. इकडे एकदा जोराचा पाऊस झाला की गच्चीचं तळं होतं. गेल्या थंडीत गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावरच्या सफियाच्या खोलीत पाणी गळलं ते थेट छताच्या दिव्यातून, पाळण्यात तिचं तान्हं बाळ. हे सगळं मला शांतपणे सांगून ती खाली गेली आणि थोड्या वेळाने मजीदने आमच्या दारावर नोटीस चिकटवली. "गच्चीवरील खाजगी सामान उद्यापर्यंत काढावे." घरपट्टी खात्यात जन्मभर मी लोकांच्या दारांना नोटिसा डकवल्या, आणि माझ्या दाराला पहिली नोटीस लावली ती पोटच्या पोरीने!

मी फुगलो. जेवताना ताट घेऊन खिडकीपाशी बसलो. ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या भाडेकरूला लावते तीच लावलीय. तुमच्यासाठी वेगळी छापून घेऊ का?" हसू आलं, पण दाबलं. दुसऱ्या दिवशी खोकी उतरवली. तिने आणि मजीदने जाळ्या काढल्या, पाइपात पाणी सोडून पाहिलं. माझ्या कोपऱ्यातून निघाला बादलीभर चिखल.

गेल्या शुक्रवारी दुपारी आभाळ फाटलं. गल्ली बघता बघता घोट्यापर्यंत भरली. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातून पाणी उतरताना दिसत होतं. योगू रेनकोट चढवून वर पळाली, तिच्यामागे मी छत्री घेऊन. गच्चीवर पाणी ठरत नव्हतं, मुक्ता. चारी कोपऱ्यांतून धो धो खाली जात होतं. खाली आलो तर सफिया दारात, बाळ कडेवर. म्हणाली, "देखिए ना अंकल, एक बूँद नहीं गिरी." मी छताकडे पाहिलं. माझं गोणपाट तिथेच राहिलं असतं तर? आणि ही पोरगी माझी आहे, याचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवू ते कळेना.

चहा घेताना योगूनेच विषय काढला. "आईने मला घेऊन यायला पाठवलंय ना?"

"हो."

"मग विचारत का नाही?"

तिचे डोळे भरले. म्हणाली, "मला नाही यायचं, बाबा. रोज फोनवर सांगायचं ठरवते आणि आईचा आवाज ऐकला की धीर होत नाही."

घरून घोकून आणलेलं भाषण तोंडाशी होतं. मी म्हणालो, "पुढच्या थंडीत गीझर बघायला निघशील तेव्हा मला बोलाव. स्टूल धरायला माणूस लागेल."

तू रागावशील, रडशीलही. मीसुद्धा त्या संध्याकाळी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं. तू तिच्या खोलीला नवा रंग दिलास, पडदे लावलेस, ते असू दे. उन्हाळ्यात ती सुट्टीवर येईल तेव्हा पाहुणीसारखं कौतुक करू. पण ती एकटी आहे हे आता माझ्या तोंडून निघणार नाही. तिच्या भरवशावर किती घरं कोरडी झोपतात, ते मी पाहिलंय.

पुढच्या वेळी तूही चल. कोथिंबीर आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मॅडमच्या परवानगीने.

मुंबईला मला घ्यायला गाडी पाठवशील, ती लहानच सांग.

एकटाच परतणारा,
तुझा राजन