लाइनवरच्या माणसाला विचारायचं नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या तुमच्या फोटोची काचसुद्धा दोनदा बदलली, आणि तरी काल आमच्या घरात जे भांडण झालं ते तुमच्यामुळेच झालं. तुम्ही असतात तर तोंडावर बोलले असते. नाही, खोटं कशाला बोलू, बोलले नसतेच. तुमच्यासमोर आमची कुणाची जीभ उचलली होती कधी? म्हणून लिहितेय. शाळा चौथीत सुटली तरी अक्षर तुम्हाला लागेल. पुढचं वाचायला मी तुमच्या अड्ड्यावरच्या गाड्यांच्या पाठीवरूनच तर शिकले.

तुमचा नातू काल सकाळी गुवाहाटीचा माल घेऊन निघाला. ट्रेलर शीळ रोडच्या कडेला उभा होता, आणि आम्ही नेहमीसारखे सगळे खाली गेलो. चाकाखाली लिंबू, काचेला नमस्कार, पोळ्यांचं गाठोडं. सून आठव्या महिन्यात आहे, पाय सुजलेत, तरी तीही जिने उतरून आली. त्याने सीटवर बसून किल्ली फिरवली आणि ही खालून चांगली खणखणीत ओरडली, "अहो, कधी येणार ते सांगून जा!" जावई तुमचे नुसते भडकले. जन्मभर ट्रक हाकून कंबर गेलीय, खिडकीकडचा उजवा कान लाइनवरच्या भोंग्यांनी गेलाय, पण हे बरोबर ऐकू आलं. "उतर खाली! आधी घरात जा, पाणी पी, मग नीघ!" पोरगा हसला, "बाबा, मागे ट्रॅफिक तुंबलाय," म्हणाला आणि गेला. तेव्हापासून घरात एक माणूस जेवत नाही आणि एक माणूस रडतंय. मधे मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"आई, एवढं काय विचारलं हो मी? नवरा कधी येणार एवढंच ना?" सून म्हणते. तिला काय सांगू? की हा कायदा तुमचा? लाइनवर लांबच्या खेपेला निघालेल्या माणसाला कधी येणार हे विचारायचं नाही. विचारलंच कुणी, तर त्याने इंजिन बंद करायचं, घरात परत यायचं, बसून पाणी प्यायचं आणि जसं काही झालंच नाही असं नव्याने निघायचं. मी विचारलं होतं एकदा. आठवतंय ना? कल्याणच्या चाळीत आपण राहत होतो, मी परकरात होते, आणि तुमच्या लाकडी बॉडीच्या गाडीच्या पायरीवर लोंबकळत मी म्हटलं, "अण्णा, कधी येणार?" तुम्ही इंजिन बंद केलंत. खाली उतरलात, घरात आलात, पाणी प्यायलात, गेलात. त्या खेपेला मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा घाटात गाडीचा एक्सल तुटला आणि तुम्हाला यायला फार उशीर झाला. आईने मला बोल लावला, शेजारणींनी लावला, "जिभेला हाड नाही कार्टीच्या, एक्सल मोडला बापाचा." तुम्ही आलात, सगळं ऐकलंत, आणि नुसते मान हलवत हात धुवायला गेलात. अण्णा, माल जास्त भरला होता म्हणून एक्सल तुटला, हे तुम्हाला माहीत होतं. एकदा म्हणायला काय जात होतं?

मग न विचारता दिवस कसे ढकलायचे, ते आईने शोधून काढलं. तुमच्या गाडीचा आवाज पुलापलीकडे गेला रे गेला की ती वाल भिजत घालायची. तुम्हाला बिरडं आवडतं, आणि तुम्ही कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी दारात उभे राहाल, तर घरात मोड आलेले वाल हवेतच. भिजवायचे, बांधून ठेवायचे, मोड आले की गरम पाण्यात टाकून सोलायचे. तुम्ही आला नाहीत की ते आम्ही खायचे आणि तिने नवे भिजत घालायचे. आमच्या घरात पंचांग नव्हतं, वाल होते. तुम्ही मजेत देश फिरत होतात आणि आम्ही बसून सोलत होतो. नखं दुखायची. मला अजून बिरड्याचा वास आला की मी खिडकी उघडते, आणि लोक म्हणतात काय नशीबवान, तुमच्याकडे सारखं बिरडं!

आणि तो गमछा. आसामातून तुम्ही लाल किनारीचं पांढरं कापड आणलंत, माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हे तुझं." फळीवर तर तुम्ही आणलेला सगळा देश मांडलेला असायचा, गुंटूरच्या मिरच्या, आसामचा चहा, पण ते सगळं घराचं. माझं म्हणून आलेली तेवढी एकच वस्तू. आईने दुसऱ्याच दिवशी त्यात वाल बांधले. "कापड विरळ आहे, मोड छान येतील," म्हणाली. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. हसलात.

पुढे माझं लग्नही तुम्ही अड्ड्यावरच ठरवलंत. "जो गाडी सांभाळेल तो पोरगी सांभाळेल." सांभाळलं हो त्यांनी, तक्रार नाही. पण लाइन तीच, कायदा तोच, वाल तेच. आधी बापाची वाट, मग नवऱ्याची, आता पोराची. तुमची गाडी कधीच भंगारात गेली, लाइन मात्र जायला तयार नाही. मी एकदा आईला विचारलं होतं की अण्णा वेळ का सांगत नाहीत. ती म्हणाली, "सांगितलेली वेळ टळली की जीव जातो. न सांगितलेली टळतच नाही." ऐकायला बरं वाटतं. पण आमचा जीव रोज थोडा थोडा जायचा, त्याचं काय?

आता मुद्द्याचं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने पोराला बोलावलंय. माल बंदरात पोचवायचा, संध्याकाळी गाडी लावायची, घरी यायचं. ही खेप संपायच्या आत हो की नाही ते कळवायचंय. सून म्हणते, "तुम्ही सांगितलंत तर ऐकतील." पोरगा म्हणतो, "आई म्हणेल तसं." हे म्हणतात, "मी बोललो तर सासऱ्यांची लाइन मोडली असं होईल, तू बघ." वा रे वा! जन्मभर मला गप्प बसवलं आणि आता सगळ्यांना माझंच तोंड हवंय. सून तर पहिल्या बाळंतपणालासुद्धा माहेरी जायला तयार नाही. "हे येतील तेव्हा मी घरात हवी," म्हणते. हे वाक्य ऐकलं आणि मला तिच्या जागी आईच दिसली, मांडीवर वालाची परात घेतलेली.

आज दुपारी मी फोन उचलला. पोरगा नागपूरच्या अलीकडे ढाब्यावर जेवत होता.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. उपाशी आहेत, पण बरे आहेत."

"मग हिला काही..."

"तीही बरी आहे. तू कधी येणार?"

पलीकडे कुणीतरी रोटी मागत होतं, तेवढंच ऐकू आलं.

"आई, तू विचारतेयस?"

"मीच. मलापण तोंड आहे."

"आता बघ, माल वेळेत उतरला, परतीचा लगेच मिळाला, तर..."

"तर-बिर नको. दिवस सांग."

"बरं बाई. अमावास्येच्या आत घरी. आणि वागळेचं काय करू? तू सांग."

"मी काही सांगणार नाही. मला तू संध्याकाळी घरी आलेला बघायचायस, एवढंच."

"हे सांगणंच झालं की गं!" तो हसला. मग म्हणाला, "कळवतो त्यांना, हो म्हणून. पण अण्णा आजोबा वरून रागावतील."

"त्यांना मी लिहिते," म्हटलं.

फोन ठेवला तर हे दारात उभे. "काय म्हणतो?" अमावास्येच्या आत येतो म्हटलं. "तू विचारलंस?" हो म्हटलं. मला वाटलं आता भांडी आपटतील. पण नाही. माठाकडे गेले, पेला भरला, खुर्चीत टेकले आणि सगळं पाणी सावकाश प्यायले, पोराच्या वाटचं. मग म्हणाले, "वाढ आता, भूक लागलीय." सून आतून बघत होती. ती तोंडाला पदर लावून हसली की रडली, मी विचारलं नाही.

तर अण्णा, तुमची लाइन इथे संपली. मी संपवली. रागवायचं असेल तर रागवा, पण या वेळी मान हलवून हात धुवायला जाऊ नका, काहीतरी बोला. हा कागद टाकायला कुठे पेटी नाही. वालाच्या डब्याखाली घालून ठेवते.

अमावास्या अजून लांब आहे. आज घातलेले वाल तोवर टिकायचे नाहीत, हे मला चांगलं कळतं. तरी मघाशी भिजत घातलेत.