जयूच्या गाडीतलं तेल

२ डिसेंबर
शेड उघडली. ट्रॅक्टरच्या तेलाची टाकी तापायला लावली. रहीमभाई म्हणाला, "भाऊ, ये हप्त्यात ऑर्डरचं तेल एवढंच?" एवढंच. शेड सुरू झाल्यापासून तो माझ्यासंगं आहे, त्याच्यापासून काय लपवायचं.
कारचं तेल मात्र बनवून राह्यलो. निळा डबा, वर 'फुल सिंथेटिक'. दोन-चार दुकानं घेतात. आणि आमची जयू.
ती दुपारी आल्ती, जालन्यात मीटिंग होती तिची. जाताना डबा घेतला. म्हणलो, थांब, इथंच बदलून देतो तेल. "नको अण्णा, प्रशांत करून घेतील." जावईबापू शाळामास्तर, त्यांना बोनेट उघडता येतं का हेच मला माहीत न्हाई. पण ती जल्दीत होती.

९ डिसेंबर
घनसावंगीला जयूकडं. कमलनं लेकीसाठी शेंगदाण्याची चटणी अन् लोणचं दिलं होतं. सकाळी जयूसंगं गाडीत तीर्थपुरीच्या बाजूला तिच्या उपकेंद्रापर्यंत गेलो. ती तिथं आरोग्य अधिकारी. बाया तिला रस्त्यात हात करून थांबवतात, खिडकीतूनच बीपीच्या गोळ्या विचारतात. बरं वाटलं.
गाडी नवी, टर्बो पेट्रोल. चढावर वरच्या गिअरात असताना एकदा ठक् आवाज आला. लोखंडावर हातोडी बसावी तसा. थोडं पुढं परत एकदा.
"पेट्रोल खराब असंल," ती म्हणाली.
मीही म्हणलो, असंल. वर सांगितलं, गिअर वरचाच ठेवत जा, पेट्रोल वाचतं.

१० डिसेंबर
निघण्याआधी तिच्या गाडीची तेलाची पट्टी काढून बघितली. तेल खुणेच्या वर. वास घेतला तर पेट्रोलचा. या इंजिनात थोडं पेट्रोल खाली तेलात उतरतंच, हे माहीत होतं. पुसून ठेवली.

१७ डिसेंबर
जुन्या जालन्यातल्या दुकानदारानं निळे डबे परत पाठवले. त्याचं गिऱ्हाईक म्हणतं, नव्या गाडीला डब्यावर नवा दर्जा लिहिलेला पाहिजे. आपल्या डब्यावर जुना आहे.
मला पॅकेज विकणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. पॅकेज म्हणजे तेलात घालायचा मसाला, खरं तेल तेच. तो म्हणतो, "साहेब, हे नव्या टर्बो इंजिनांसाठी न्हाईच मुळी. तुमच्या तेलात कॅल्शियम किती आहे!" म्हणलो, कॅल्शियम जास्त आहे म्हणून तर इंजिन स्वच्छ राहतं. हसला. कागद पाठवतो म्हणाला.
हसायचं काय त्यात.

१८ डिसेंबर, चतुर्थी
कमल राजूरला गणपतीला गेली, शेजारणीसंगं. मी गेलो न्हाई. कागद आले न्हाईत.

३ जानेवारी
कागद आले. बी.एस्सी. करून किती वर्षं झाली, तरी समजलं. नसतं समजलं तर बरं झालं असतं.
कॅल्शियम म्हणजे तेलातला साबण. काजळी धुतो, आम्ल मारतो. लोक घालतात त्यापेक्षा मी कायम जास्त घातलं, इमानानं. म्हणून तर ट्रॅक्टरवाले, जीपवाले आपलं तेल मागून नेतात.
या नव्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारतात, वरून टर्बोचा दाब. गाडी हळू, गिअर वरचा, भार जास्त, अशा वेळी भिंतीवरचं तेल अन् पेट्रोल मिसळून थेंब उडतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेटतो. कॅल्शियम जास्त तर पेटायची भीती जास्त. अवेळी स्फोट, पिस्टनच्या डोक्यावर. कधीमधीच होतो. पण एखादा बराबर बसला की पिस्टन फुटतो.
म्हणून आता कंपन्या कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम घालतात.
ठक्. चढावर. वरचा गिअर.
तो गिअरसुद्धा मीच सांगितला.

४ जानेवारी
रहीमभाईला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मंग म्हणाला, "अपना तेल खराब न्हाई भाऊ. गाड्याच बदलल्या." दोन्ही खरं आहे.
पुण्याला विचारलं, नवं पॅकेज मला द्या. एवढ्याशा मालाला देत न्हाईत. आणि दिलं तरी इंजिनावर चाचणी लागते, तशी इंजिनं परदेशात, न्हाईतर मोठ्या कंपन्यांकडं. मी कुठं तपासणार? शेडमध्ये टाकी आहे, तराजू आहे, रहीमभाई आहे.
जयूला फोन करावा का. तेल काढून टाक म्हणावं. काय म्हणून सांगू? रविवारी ती येणारच आहे. समोरच सांगीन.

७ जानेवारी
रविवारी आली न्हाई. उपकेंद्रात लसीकरण होतं. फोनवर विचारलं, गाडी कशी आहे. "मस्त आहे अण्णा." मंग कमलशी बोलली.
सांगितलं न्हाई.

१० जानेवारी
काल झालं ते आज लिहितो. काल हात चालला न्हाई.
एक बाळंतीण अडली होती, जयूच्या भागातली, नाव मनीषा. पहिलीच वेळ. रुग्णवाहिका दुसऱ्या बाईला घेऊन जालन्याला गेल्ती. जयूनं तिला आपल्या गाडीत घेतलं. मनीषा, तिची सासू, नवरा संतोष, अन् गावातली आशाताई. गाडी भरलेली, रस्ता उकरलेला, म्हणून हळू. घनसावंगीच्या अलीकडं चढावर ठक् झालं आणि मंग गाडी थरथरायला लागली. मागून निळा धूर. थोडं ओढत नेली, मंग बंदच.
वडाप जीप थांबवली, पण लवकर मिळाली न्हाई. घनसावंगीला बाळ झालं तेव्हा रडलं न्हाई. निळं पडलं होतं. जयूनं अन् तिथल्या डॉक्टरांनी मिळून श्वास चालू केला. नंतर जालन्याला आणलं, नवजात बाळांच्या कक्षात ठेवलंय.
जयू रात्री घरी आली. अंगावर तेच कपडे. कमलनं पाणी तापवलं. मी दारात उभा. ती म्हणाली, "अण्णा, आज काही विचारू नका."

१२ जानेवारी
गाडी दुसऱ्या गाडीमागं टोचन करून जालन्याला आणली. प्रशांत आल्ते. मेकॅनिकनं इंजिन उघडलं, मला बोलावलं. पिस्टनच्या रिंगांच्या मधली कड तुटलेली, तुकडा हातावर ठेवला माझ्या. एवढासा. बाकी इंजिन आतून स्वच्छ. इतकं स्वच्छ की तो म्हणाला, "तेल चांगलं वापरलंय." मला टोमणा मारायचा नव्हता त्याला.
तेलामुळंच झालं असं तो लिहून देत न्हाई. पेट्रोलनंही होतं, चालवण्यानंही होतं म्हणतो. तेलामुळं न्हाई असंही म्हणत न्हाई. हे कधीच बराबर कळणार न्हाई.
बाहेर चहा पिताना प्रशांत बोलून गेले. सर्व्हिसिंगवाल्यांनी दोनदा सांगितलं होतं, हे तेल या गाडीला नको. जयूनं सांगितलं, माझे वडील बनवतात, हेच टाका. ठक् आवाज पावसाळ्यापासून येत होता.
"मला का न्हाई सांगितलं?"
"ती सांगू नका म्हणली होती."

१३ जानेवारी
जयूला विचारलं. भाकरी खात होती. तशीच थांबली.
"काय सांगणार होते अण्णा? तुमचं तेल टाकायचं बंद केलं म्हणून? दुकानं तर तशीच कमी झाली होती."
"अगं, मग दुसरं टाकायचं गुपचूप."
"तुम्ही पट्टी काढून वास घेता."
खरं आहे. घेतो.
मंग ती म्हणाली, "मला वाटलं, आवाजच आहे." कमल उठून आत गेली.
तीन तारखेचं तिला सांगितलं. कागद वाचले होते, फोनही झाला होता, तरी बोललो न्हाई, हे. तिनं ताट उचलून मोरीत ठेवलं.

१५ जानेवारी
निळे डबे सगळे परत मागवले. ज्यांच्या गाड्यांत पडलंय त्यांना दुकानदारांनी सांगावं, असं प्रत्येकाला सांगून आलो. एक म्हणाला, "कुणाला सांगू? डबा घेतला अन् गेला माणूस."

१८ जानेवारी
बाळ. मुलगा. झटके येतात. नळ्या लावल्यात. काचेतून दिसतो, तेही पडदा बाजूला असला तर.
संतोष बाहेर बाकड्यावर होता. पंचविशीचा, केळीच्या गाड्या भरायचं काम करतो. जयूचा बाप म्हणल्यावर उठला. पाया पडला. "काका, ताईंनी गाडी काढली म्हणून लेकरू जिवंत हाय. न्हाईतर घरीच गेलं असतं."
म्हणलो, बस. म्हणलो, ऐक, ती गाडी माझ्या तेलानं बंद पडली असंल. मी तेल बनवतो.
तो मंग म्हणाला, "गाड्या तर बंद पडतातच काका." आणि माझ्यासाठी चहा आणायला गेला. नको नको म्हणलो तरी आणला. प्यालो.

२४ जानेवारी
नवं मिश्रण करून बघितलं. ओळखीच्या एकाकडून मॅग्नेशियमचं डिटर्जंट थोडं मिळालं. कॅल्शियम कमी केलं, हे घातलं. रहीमभाईनं दिवसभर टाकीपाशी उभं राहून ढवळलं. संध्याकाळी तेल सोन्यासारखं दिसत होतं.
२५. सकाळी गढूळ. तळाशी साका. जुन्या पॅकेजमधल्या कशाशी तरी जमत न्हाई. कशाशी ते कळायला प्रयोगशाळा लागते. रहीमभाईनं नमुन्याची बरणी उजेडात धरली, परत खाली ठेवली.
आणि स्वच्छ राह्यलं असतं तर? कोणाच्या गाडीत घालून बघितलं असतं?

१ फेब्रुवारी
बाळ आईपाशी दिलं. झटके थांबले. डॉक्टरांनी जयूला बाजूला घेऊन सांगितलं, मेंदूला काय अन् किती लागलं ते आत्ता सांगता येणार न्हाई. मान कधी धरतो, बसतो कधी, बोलतो कधी, त्यावरून कळंल. महिने जातील. तिनं मला हे सांगितलं तेव्हा आवाज तिचा दवाखान्यातला होता, घरचा नव्हे.

८ फेब्रुवारी
रहीमभाई पुढल्या महिन्यापासून येणार न्हाई. मुलाच्या भंगारच्या गोडाऊनवर बसणार. म्हणाला, "भाऊ, बुलाया तो आऊंगा." बोलवायला काम पाहिजे. ट्रॅक्टरचं तेल एक माणूसही करतो, आणि नवे ट्रॅक्टरवालेही आता कंपनीचंच मागतात.
शेड विकावी असं कमल म्हणत न्हाई. भाजी निवडत बसते अन् मधेच निवडायची थांबते.

१४ फेब्रुवारी
जयूची गाडी दुरुस्त झाली, आणायला गेलो. मेकॅनिकनं विचारलं, तेल कोणतं? जयू माझ्याकडं बघून राह्यली. म्हणजे अजूनही माझंच टाकलं असतं तिनं.
"कंपनीचं," मी म्हणलो. "नवा दर्जा लिहिलेलं."
त्यानं डबा फोडला, ओतलं. मी रस्त्याकडं तोंड करून उभा होतो. जयू जवळ आली, शेजारी उभी राह्यली. हात धरला न्हाई, काही न्हाई. नुसती उभी.
जाताना म्हणाली, "आता गिअर खाली घेत जाईन."

२ मार्च
संतोषच्या घरी बारसं. उशिराचं. जयू म्हणाली चला, न्हाई म्हणता आलं न्हाई. कमलनं अंगडं-टोपडं घेतलं.
घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, दारात मांडव. बाया पाळणा म्हणत होत्या. नाव ठेवलं समर्थ. संतोषनं सगळ्यांना ओरडून सांगितलं, "ह्या ताई, अन् हे ताईंचे वडील, ह्यांच्याच गाडीत आणलं होतं." लोक वळून बघायला लागले. मला खुर्ची दिली, गादीची, एकच होती.
मनीषा आत जयूला विचारत होती, "ताई, शेजारचं लेकरू याच्याएवढंच हाय, ते बघून हसतं. हा हसत न्हाई. बराबर हाय ना?"
जयू म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत दाखवू आपण." मनीषाला आणखी काही पाहिजे होतं. जयूकडं नव्हतं.
जेवणं चालू झाली तेव्हा संतोषनं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. घ्या काका, म्हणाला, अन् वाढायला गेला. गरम गरम. वजन काहीच न्हाई. मुठी घट्ट. डोळे अर्धे उघडे, पत्र्याकडं.
कुणी बघत न्हाई असं बघून त्याच्या कानापाशी चुटकी वाजवली.
मान वळवली न्हाई. झोपेत असंल. काही लेकरं डोळे उघडे ठेवून झोपतात, जयूही तशीच झोपायची, कमल म्हणते.
परत वाजवली न्हाई.