चित्रातल्या बाईची नजर

घाटंजी,
१२ डिसेंबर २००६

चि. प्राचीस काकाचे पोतंभर आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेलच. इकडे तुझी काकू आणि कापसाचा भाव, दोघंही एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत. बाकी ठीक.

कलेच्या इतिहासाच्या पेपरसाठी माझी मदत मागून तू पाठवलेलं तीनशे वर्षांपूर्वीचं रेखाचित्र मिळालं. या पेपरात पुन्हा नापास झालीस तर दादा तुला नागपूरहून परत आणणार, आणि तुला चित्रकलेला पाठवा म्हणून त्याच्याशी भांडलो होतो मीच. तेव्हा ‘रंग, रचना आणि सामाजिक आशय’ यांवर जीव तोडून लिहायला बसलो. चित्रभर पसरलेला करडा रंग म्हणजे प्रजेची उदासी, हे दीड पानात सिद्धच केलं. मग पाकिटात तुझी चिठ्ठी सापडली, की ही झेरॉक्स आहे आणि मूळ चित्र तांबड्या रेषांचं आहे. (तीस वर्षं तहसिलीत आवक-जावक सांभाळलेला माणूस मी!) दीड पान चुलीत गेलं.

रचनेसाठी मोकळी हवा हवी म्हणून चित्र शेतात नेलं. मधोमध गालिच्यावर लठ्ठ जहागीरदार, त्याच्या पायाशी तराजू धरलेला नोकर, समोर गाठोडं घेऊन मान झुकवलेली बाई. मी लिहिलं, बाईच्या मुद्रेवर स्वामिभक्ती आहे. कापूस वेचणाऱ्या मथुराबाई पाणी प्यायला आल्या, तेव्हा त्यांनाही ही स्वामिभक्ती सविस्तर समजावली. त्या हसल्याच. म्हणाल्या, “भाऊ, ते कायले त्याच्या पाया पडन? ते काटा पाहून राह्यली.”

चष्मा पुसून पाहिलं. बाईची नजर खरंच तराजूवर होती. प्राची, मला फार लाज वाटली. पंधरा वर्षं संध्याकाळी किलोमागे मजुरी द्यायला कापूस मोजताना मथुराबाई माझ्यासमोर अशाच उभ्या राहतात, आणि मी त्याला आदर समजत आलो.

नीट जेवत जा, आणि पेपरच्या आदल्या दिवशी रडू नकोस.

तुझा,
कमलाकरकाका

ता. क. – सामाजिक आशयाखाली मथुराबाईंचं वाक्य त्यांच्या नावासकट लिही. माझं काही घेऊ नकोस, म्हणजे पास होशील.

आणखी एक – काल शेजारच्या नेमसिंगचा काटा आणून मोजलं. आमच्या काट्यावर अठरा किलो भरलेलं मथुराबाईंचं गाठोडं त्याच्यावर वीस भरलं. आता नेमसिंगच्याच काट्यावर मोजणार. परीक्षा झाली की दोन दिवस ये. आमचा काटा काकूच्या माहेरचा आहे, आणि तो खोटा निघाला हे तिला सांगायची माझी हिंमत नाही.