गाडीतला प्रवेश

लुडविग्सहाफेन,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीधर,

'प्रिय' सवयीनं पडलं. आता खोडत बसत नाही.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा आहे तसाच आहे, चारुलताचं ब्लडप्रेशर गोळीनं आटोक्यात आहे, आणि वरच्या मजल्यावरचा जर्मन काल रविवार असूनही ड्रिल चालवत होता. हाउसऑर्डनुंगची, इमारतीच्या नियमांची, प्रत त्याच्या दाराला चिकटवून आलोय. तू व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून चौतीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच तुला कागदावर लिहितोय.

मालिनी तुझं घर सोडून लेकीकडे, अन्वीकडे गार्चिंगला गेली, हे मला काल कळलं. वाईट वाटलं असं लिहायला हवं. पण नाही वाटलं. ऐकल्यावर मी एक कप कॉफी केली आणि बाल्कनीत बसून सावकाश प्यायलो.

एका नाटकावरून पद्या इतका कसा पेटला, असं तू लोकांना विचारत फिरत असशील. म्हणून क्रमानं लिहितो. नंतर विसरलो म्हणायची सोय नको.

ती जुनी ब्रिटिश मालिका आठव. नोकरी सुटलेला खडूस म्हातारा, त्याची सोसून सोसून थकलेली बायको, आणि टपालवाल्यापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांशी त्याची भांडणं. डीव्हीडी मीच लंडनहून आणल्या होत्या. दर शुक्रवारी तुम्ही दोघं आमच्याकडे, आणि आपण सोफ्यावर पोट धरधरून हसायचो. 'हे मराठीत करायला हवं,' असं पहिल्यांदा मी म्हणालो. तू म्हणालास, 'करू की. तू रिटायर हो, मग मला मॉडेल शोधायला नको.'

रिटायर झालो. तुला मॉडेल मिळालं.

३० ऑगस्ट, मंडळाचा गणपती, दुपारी तीनचा प्रयोग. पडदा वर गेला आणि तुझ्या नाटकातला नाना झालेला तो आयटीतला उत्कर्ष माझ्यासारखा चौकटीचा शर्ट घालून, चष्मा कपाळावर चढवून, शेजाऱ्याच्या कुंपणाची उंची टेपनं मोजत उभा. प्रत्येक वाक्याआधी माझं ते जर्मन 'आल्झो', प्रत्येक वाक्यानंतर 'गेनाऊ'. दोनशे माणसांनी माना वळवून पहिल्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं हसलो. तू विंगेतून अंगठा दाखवलास, मीही दाखवला. इथवर काही नाही. कुंपण मी मोजलं होतंच, आणि ते खरोखरच अकरा सेंटिमीटर जास्त होतं.

पण शेवटचा प्रवेश, श्रीधर.

कंपनीनं मला एकसष्टाव्या वर्षी काढलं, हे जगात फक्त तुला माहीत होतं. अर्ध्या तासाची मीटिंग, एक कागद, आणि ओळखपत्र परत. घरी सांगायचं धाडस झालं नाही. सात आठवडे रोज पावणेसातला डबा घेऊन निघायचो, ऱ्हाइनकाठच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो, साडेचारला परतायचो. मग एक दिवस चारुलताला म्हणालो, मी आपणहून लवकर निवृत्ती घेतोय. तिनं हौसेनं शिरा केला. हे सगळं तुला सांगताना मला रडू फुटलं होतं. तू खांद्यावर हात ठेवून म्हणालास, 'पद्या, हे माझ्यापाशी राहील.'

उत्कर्ष दोन खुर्च्यांच्या गाडीत डबा उघडून बसला. 'आज सातवा आठवडा, फार काम पडलंय,' असं डब्यातल्या भेंडीला सांगू लागला. पूर्ण नाटकात एवढा हशा कशालाच मिळाला नाही.

परतताना पुलावर आल्यावर चारुलतानं विचारलं, "तो गाडीतला प्रवेश खरा आहे का हो?"

मी गिअर बदलला.

"सात आठवडे मी पाचला उठून डबा करून देत होते. तुम्ही तो कुठं बसून खात होतात?"

मी सांगितलं.

"थंडी वाजत असेल ना," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर अकरा दिवस बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. तुझे शब्द मला पाठ आहेत. 'अरे, तुझं नाव कुठं घेतलंय? आणि लोकांना किती आवडलं बघ ना!'

तेव्हाच ठरवलं.

फ्रँकफर्टच्या मंडळानं दिवाळीला प्रयोग मागितला आणि उत्कर्षला कंपनीनं येनाला पाठवलं, हा माझा योग. मी म्हणालो, नाना मी करतो. तू गाडी काढून धावत आलास, मला मिठी मारलीस, म्हणालास, 'पद्या, तुझं मन मोठं आहे रे.' आठ शनिवार तालमी केल्या. तू मला हातवारे शिकवत होतास, माझेच हातवारे, आणि मी मान डोलावत होतो. मालिनी माझ्या बायकोच्या कामात. भाऊबीजेला तिनं नेहमीप्रमाणे मला ओवाळलं, 'दादा, या वयात काय छान काम करता तुम्ही!' म्हणाली. तेव्हा एकदा मनात पाल चुकचुकली होती. पण मी ताटात ओवाळणी ठेवली आणि जेवायला बसलो.

८ नोव्हेंबर. तीनशे माणसं. गाडीतला प्रवेश. संहितेत मोबाइल वाजतो आणि नाना बायकोशी खोटं बोलतो. मी मोबाइल कानाला लावला आणि म्हणालो:

"कोण, मिरजेहून? सासऱ्यांना आयसीयूत हलवलं? अरे बापरे. आज शुक्रवार ना... नाही, हिला आत्ता नाही सांगता येत. उद्या प्रयोग आहे, ही नायिका आहे! तू असं कर, तिकिटं मिळत नाहीयेत असं घरी सांग. हिला मी उद्या पडदा पडल्यावर सांगतो, की फोन आत्ताच आला. गेनाऊ!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कुणीतरी शिट्टी मारली. मालिनी एन्ट्रीसाठी विंगेत उभी होती. ती आली. गाडीच्या काचेवर टकटक करायचं तिचं काम, पण ती नुसती उभी राहिली. माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या विंगेत तू होतास, तुझ्याकडे बघत होती. लोकांना वाटलं अभिनय आहे. टाळ्या पडल्या. शेवटी तूच धावत जाऊन पडदा ओढलास.

अकरा वर्षं तिला वाटत होतं, हृषिकेशनं बहिणीला कळवायला अख्खा दिवस लावला. भावाला तू सांगितलंस तिकीट नाही, तिला सांगितलंस फोन आत्ता आला. ती मिरजेला पोचली तेव्हा वडिलांना अग्नी देऊन झाला होता. त्या सख्ख्या बहीणभावांत धड बोलणं राहिलं नाही, आणि तू त्याला 'त्यांच्या घरचा स्वभाव' म्हणायचास.

मला हे कसं ठाऊक, ते तुला ठाऊक आहे. इथं लिहायचं कारण नाही. मेकअपच्या खोलीत मालिनीनं मला एकच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. ते सोड.

आणि हो, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. लोकांनाही फार आवडलं.

आता लोभ नसला तरी चालेल. मला तर आज छान भूक लागलीय.

पद्माकर

*

लुडविग्सहाफेन,
९ डिसेंबर २०२५

श्रीधर,

माझं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उत्तराची वाट पाहत होतो. शिव्या येतील, वकिलाचं पत्र येईल, काहीतरी येईल. मुख्य म्हणजे तू मालिनीला एक गोष्ट सांगशील, याची वाट पाहत होतो. रोज फोन वाजला की वाटायचं, आला.

मागच्या आठवड्यात मालिनीनं चारुलताला फोन केला. तासभर बोलत होत्या. चारुलता फोन ठेवून आली आणि म्हणाली, "श्रीधरभावजी तिला एवढंच म्हणाले, चूक माझी एकट्याची आहे. बाकी एक शब्द नाही." मग माझ्याकडे नीट पाहत तिनं विचारलं, "एकट्याचीच होती का हो?"

पहिलं पत्र किती मजेत लिहिलं होतं मी. त्यातली एक जागा तू नक्की दोनदा वाचली असशील. मेकअपच्या खोलीतली.

मालिनीनं विचारलं होतं, "दादा, हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हणालो, "बऱ्याच वर्षांनी. श्रीधरच एकदा बोलून गेला."

तुला आणि मला दोघांनाही तो शुक्रवार माहीत आहे. त्या जुन्या हॉलची मागची खोली, मी शिडीवर, हातात ब्रश. तू फोन घेऊन आत आलास. तुझा चेहरा पांढराफटक. हृषिकेशचा फोन होता, म्हणालास. बाबा सारखं ताईला विचारताहेत. मग तू म्हणालास, 'काय करू रे पद्या? सांगू ना तिला? प्रयोग रद्द करू.' तू रद्द करायला निघाला होतास. दारापर्यंत गेला होतास.

आणि मी शिडीवरून म्हणालो, 'एका दिवसानं काय बिघडतंय? म्हातारी माणसं आयसीयूत जातात आणि येतात. उद्याचं होऊ दे.' तिकिटाची सबबही माझीच. तुझ्या डोक्यात ती आली नसती, तुला तेव्हा काही सुचतच नव्हतं.

हे मी अकरा वर्षं स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. आपल्या कहाणीत मी नुसता हजर होतो, असं धरून चाललो. तुझ्यावर सूड घ्यायचा ठरवला तेव्हा हाताशी जे होतं ते उचललं, आणि ते माझंच होतं, हे उचलताना दिसलं नाही. की दिसलं होतं? आता खात्रीनं सांगता येत नाही.

चारुलताला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. संपल्यावर म्हणाली, "तिकीट काढा गार्चिंगचं. आणि डबा मागू नका."

परवा रविवारी गेलो. म्युनिकहून यू-बानमध्ये, तिथल्या मेट्रोत, सगळी पोरं विद्यापीठाची, मी एकटाच म्हातारा. अन्वीनं दार उघडलं. मी मराठीत विचारलं, तिनं जर्मनमध्ये सांगितलं, आई आत आहे, आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ती मालिका बघायची रे ती.

मालिनी खिडकीशी कपड्यांच्या घड्या करत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. शिडी, ब्रश, तू दारापर्यंत गेला होतास, मी काय बोललो. सगळं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, "ते रद्द करणार होते?"

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"का, दादा?"

येताना गाडीत पाच तास मी याच प्रश्नाचं उत्तर जुळवत होतो. तिच्यासमोर ते आठवलंच नाही. खरं तेच तोंडातून निघालं. "मी दोन महिने खपून तो सेट बांधला होता. त्यात जिना होता. वळणाचा."

"जिना," ती म्हणाली.

आणि हसली. श्रीधर, फ्रँकफर्टला तीनशे माणसं हसली ते मी कानात भरून घरी आणलं होतं. हे हसू तसं नव्हतं. एवढंसं होतं, आणि लगेच थांबलं. तिनं हातातला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

चहा विचारला नाही. दारापर्यंत आली. म्हणाली, "परवा हृषिकेशशी बोलले. दोघंही रडलो. तो म्हणाला, बाबा शेवटपर्यंत शुद्धीवर होते." मग, "श्रीधरना मी फोन करीन. कधी, ते माझं मी ठरवीन. तुम्हाला नाही करणार."

मी वाकून बूट घातले. दादा म्हणून तिनं निरोप दिला नाही, नुसतं "जपून जा" म्हणाली.

तर तुला हे कळवायचं होतं. फोन येईल. नंबर बघून घाबरू नकोस, उचल. आणि माझ्या वाटचं मी सांगून आलोय, तेव्हा मला आता झाकत बसू नकोस. एक महिना तू माझ्यासाठी तोंड मिटून बसलास, आणि मी इथं बाल्कनीत कॉफी पीत होतो. तुझा हा उपकार मला तुझ्या नाटकापेक्षा जास्त झोंबलाय. मुद्दाम केलास की चांगुलपणानं, ते मला विचारायचं नाही. उत्तर काहीही आलं तरी माझं भलं होणार नाही.

तुला माफ केलेलं नाही. चारुलता त्या संध्याकाळी पुलावर ज्या आवाजात बोलली, तो मला मरेपर्यंत पुरेल, आणि तो तुझ्यामुळे. तूही मला माफ करू नकोस. केलंस तर कळवू नकोस.

कंपनीतून निघालो त्या दिवशी माझ्याकडे सांगायला एकच माणूस होता. परवा मालिनीच्या दारातून निघालो, स्टेशनवर बाकावर बसलो, मोबाइल काढला, आणि बोट आपोआप त्याच नावावर गेलं. ब्लॉक केलेलं आहेस हे मग लक्षात आलं. तसंच राहू दे.

तुझा म्हणवत नाही आणि दुसऱ्या कुणाचा म्हणायला या देशात कुणी नाही,

पद्या