पुढून येणारं पाणी

कशेळी,
गुरुवार

प्रिय रीमा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तू माझा फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर तर मला ब्लॉकच करून टाकलंस, म्हणून तुझ्या या भावाने दहावीच्या पेपरानंतर पहिल्यांदा एवढं लिहायला घेतलं आहे. राहीबाई मासळी घेऊन तुमच्या अंजूरला येते, तिच्याच टोपलीतून पाठवतोय. कागदाला निवट्यांचा वास आला तर नाक मुरडू नकोस. लहानपणी त्याच वासावर तू एक भाकरी जास्त खायचीस.

पूर्णा गावच्या गोदामातली माझी ड्युटी चालू आहे. तुझ्या कमळावहिनीची तब्येत बरी आहे, पण होळीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचं कारण पुढे येईल. बाबांची मोटरबोट खाडीकाठी विटांवर चढवून ठेवली आहे. येणारेजाणारे विचारतात, यंदा नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरवणार की नाही. मी म्हणतो, बघू.

मागच्या विसर्जनाचं तुला मी काय सांगणार, तू घाटावरच उभी होतीस. तरी लिहितो, कारण ते मला एकदा स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. होडीत आम्ही अकरा जण होतो आणि पुढच्या टोकाला गणपती. खाडीच्या मध्यावर पोचतो न पोचतो तोच मागे इंजिनाजवळ घोट्याएवढं पाणी आलं आणि आम्ही तसेच वळलो. गणपती काठाजवळच्या चिखलात सोडावा लागला. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर पंख्याकडे जातो, तिथलं पॅकिंग दामूभावोजींनी आठवड्यापूर्वीच बदललं होतं. मी घाटावर सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणालो की पॉवरलूमच्या मिस्त्रीने लूमच दुरुस्त करावेत, आमच्या होडीला हात लावू नये. आणखीही बरंच बोललो. ते तुला पाठ असेल, मी इथे लिहीत नाही. भावोजी एवढंच म्हणाले, "दादा, पानी मागून न्हाय, पुढून येतंय." मग त्यांनी हात धुतले आणि तुला घेऊन गेले. भाऊबीजेला तू आली नाहीस. मी दिवसभर दाराकडे बघत होतो आणि कमळाला सांगत होतो की मला काही फरक पडत नाही.

दिवाळीनंतर मी त्या गळतीच्या मागे लागलो. दोनदा पॅकिंग बदललं, इंजिनाखालचा एकेक बोल्ट काढून बसवला. मी एकटा गेलो की होडी कोरडी ठणठणीत. पुढे चार माणसं बसली की पुन्हा पाणी, आणि तेही मागेच. मी इंजिनाला इतक्या शिव्या दिल्या की त्याला कान असते तर ते पळून गेलं असतं. होळीच्या आधी कमळा म्हणाली, "हंडा गलतो तवा आमी तो पान्यात बुडवून बगतो का? भरून ठेवतो नि भायेरून बगतो." तिने कपड्यांची नीळ आणली. आम्ही होडी पुढून थोडी खाली राहील अशी विटांवर ठेवली, आत निळं पाणी भरलं आणि बाहेर बसून राहिलो. इंजिनाखाली एक थेंब नाही. निळा थेंब आला तो पुढून, पाटीच्या खालून.

कुठली पाटी ते तुला माहीत आहे. आईच्या वर्षश्राद्धानंतर मी हौसेने स्टीलची कापून आणली होती, 'तुळजाआई'. मागच्या नारळी पौर्णिमेला तूच तिला हार घातलास आणि पदराने डोळे पुसलेस. ती पाटी बसवताना मी स्वतः ड्रिल मारलं, खालचे दोन स्क्रू नको इतके खाली. एरवी ती भोकं पाण्याच्या वर राहतात. पुढे वजन आलं की पाण्याखाली जातात. मग इंजिनाचा जोर लागला की टोक उचलतं, आत आलेलं सगळं पाणी फळ्यांखालून मागे धावतं आणि इंजिनाजवळ दिसतं. भावोजींचं पॅकिंग चोख होतं.

आता लाजेची गोष्ट. मी तेव्हाच तुझ्या दारात यायला हवं होतं. त्याऐवजी दुपारी काठावर कुणी नसताना भोकांत एम-सील दाबलं आणि घाटावर सांगितलं की मी पॅकिंग नव्याने भरलं, आता होडी ठीक आहे. कमळाला म्हणालो, आईच्या नावाला बोल नको लागायला. ती म्हणाली, "आईचं नाव पुढं करू नका. स्क्रू तुमी मारलेत." तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. परवा राहीबाईने सांगितलं की अंजूरमध्ये कुणी इंजिन दाखवायला बोलावलं तर भावोजी आता जातच नाहीत, मला त्यातलं कळत नाही असं म्हणतात. ज्या माणसाला आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं कळतं, तो असं म्हणतो. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

काल मी ते एम-सील खरवडून काढलं. पाटी उतरवली, कमळाने ती घासून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. पौर्णिमेला सकाळी, नारळ सोडायच्या आधी, त्या दिवशी घाटावर होते त्या सगळ्यांना मी बोलावलं आहे. त्यांच्यासमोर होडीत निळं पाणी भरणार आणि चूक कुणाची ते सांगणार. तुम्ही आलात तरी सांगणार, नाही आलात तरी सांगणार.

मग हे पत्र कशाला, असं तू विचारशील. एक गोष्ट घाटावर सांगायचं धाडस मला होणार नाही, म्हणून हे पत्र. भावोजी त्या दिवशी "पुढून येतंय" म्हणाले ना, ते मी नीट ऐकलं होतं. त्याच क्षणी मला ते दोन स्क्रू आठवले, रीमा. होळीला नाही, तेव्हाच. त्यांनी पुन्हा ते बोलू नये आणि कुणी पुढे जाऊन बघू नये, म्हणून मी एवढा ओरडलो. गळती शोधायला मी दिवाळीपासून होळीपर्यंत मागेच हात घालत राहिलो, तेही पुढे बघायला नको म्हणून. हे कमळालाही माहीत नाही. हा कागद आधी भावोजींना वाचून दाखव. ऐकून ते नको म्हणाले, तर राखी घेऊन येऊ नकोस. मी समजून घेईन.

तुझाच,
दौलतदादा