अर्धी गोळी

कुंभारी,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. युवराज,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. ऊन आत्ताच तापायला लागलंय. शेजारच्या हुसेनबीमावशींच्या यास्मीनचं लग्न ठरलं. आई जेवते, झोपते, तुझ्या फोनची वाट बघते.

कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस. "ताई, मीटिंगमध्ये आहे." कागदाला तसं सांगता येणार नाही.

'ऐकवा'बद्दल लिहायचंय. आईला काचबिंदूनं दिसेनासं झालं, तेव्हा फोनवरचं मराठी तिला कुणीतरी वाचून दाखवावं म्हणून आपण दोघांनी ते ॲप लिहायला घेतलं. फुकट वाटलं, कोडही सगळ्यांना खुला ठेवला. आज कितीतरी न दिसणाऱ्या माणसांच्या फोनवर ते आहे. मुलाखतीत तू 'मी बनवलं' म्हणतोस. म्हण बापडा. पण त्याच्या चाचण्या मी लिहिल्या. नवी आवृत्ती लोकांकडे जायच्या आधी ॲपनं शेकडो वाक्यं आपोआप वाचायची, एक जरी चुकलं तरी आवृत्ती तिथंच अडायची. 'ताईचा टोलनाका' म्हणून तू हसायचास.

जानेवारीत तो नाका तू उघडून टाकलास. बंगळूरच्या परिषदेत नवा आवाज दाखवायचा होता आणि आकड्यांची चाचणी काही केल्या पास होईना. मी म्हटलं, "दशांशाचं टिंब गिळतंय ते. थांब." तू म्हणालास, "एका टिंबासाठी कोण थांबतं? मालक मी आहे." चाचणी वगळलीस आणि आवृत्ती सोडून दिलीस. टाळ्या पडल्या. फोटो पाहिले मी.

नंतर तक्रारींच्या पानावर एक तक्रार आली, आठवते? डॉक्टरांनी एका बाईचा बीपीचा डोस कमी केला. 'गोळी ०.५ सकाळी' असा मेसेज पाठवला. ॲपनं वाचलं, 'गोळी पाच सकाळी'. बाईनं पाच घेतल्या आणि मोरीत कोसळली.

तुझं उत्तर मला पाठ आहे. 'औषध घेताना माणसानं स्वतःचं डोकं वापरावं. ही वापरणाऱ्याची चूक आहे.' आणि तक्रार बंद.

ती तक्रार मी केली होती, नाव न घालता. अनोळखी बाईला तू काय उत्तर देतोस ते बघायचं होतं. बघितलं.

ती बाई अनोळखी नव्हती, युवराज. आपली आई होती.

मी कॉलेजात शिकवत होते. आई डबीतून गोळ्या काढत होती, तेव्हा हुसेनबीमावशी दारातून म्हणाल्या, "पाच? येवढ्या कशाला गं, गोजरबाई?" आई म्हणाली, "माझ्या युवराजचं मशीन हाय ते. चुकायचं न्हाय." मावशी घरी गेल्या, पण त्यांना चैन पडेना. परत आल्या तेव्हा ती मोरीच्या फरशीवर पडलेली. रिक्षात घालून त्यांनीच सोलापूरला नेली. मी पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, बीपी लागत नाही.

परिषद कशी झाली ते सांगायला तू दुसऱ्या दिवशी फोन केलास. मी तो तिच्या कानाला धरला. नाकात ऑक्सिजनची नळी असताना म्हणाली, "बरी हाय की रं. आवाज व्हय? आत्ता झोपून उठले." फोन ठेवल्यावर माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नगंस. पोरगं खचंल." म्हणून तुला थंडीतापाचं सांगितलं. तू म्हणालास, "काढा दे."

आता घरी आहे. चालते, फिरते. पण फोनला हात लावत नाही. कुणी विचारलं तर सांगते, "माझंच ऐकण्यात चुकलं. म्हातारपण की." अगदी तुझंच उत्तर, आणि तिनं ते ऐकलेलंही नाही.

तिला दिलेला शब्द मी आज मोडतेय. अजून एक केलंय. अक्कलकोटचा मल्लप्पा ॲपचा कन्नड भाग बघतो. त्यानं आणि मी मिळून टिंबाची चूक दुरुस्त केली आणि नियम बदलला. चाचणी नापास असेल तर आवृत्ती आता कुणालाच सोडता येणार नाही. तुलाही नाही. तुझा तो अधिकार काढून घेतलाय. ॲपची नोंदणी माझ्याही नावावर आहे. मालक म्हणवून घेताना तू ते विसरला होतास. भांडायचं असेल तर तक्रारींच्या त्याच उघड्या पानावर भांड. तिथं मी सगळं नावानिशी लिहीन.

आईकडे यायचं तर ये. ती तुला काही विचारणार नाही. तू माफी मागायला लागलास की म्हणेल, "न्हाय रं, माझंच चुकलं." तेवढं तिला म्हणू देऊ नकोस. ते वाक्य पुन्हा तिच्या तोंडून निघालं आणि तू गप्प ऐकून घेतलंस, तर दार मी स्वतः तुझ्यामागं लावीन.

खाली 'तुझी ताई' लिहायला हात होत नाही.

ऋतुजा कोंडीबा वाघमोडे